पहिल्यांदाच कातळसड्यावर जाताय? रत्नागिरीच्या सड्यावरचा दिवस असा आखा

कोकणात आलेला पाहुणा समुद्र बघतो, देवळं बघतो, मासे खातो आणि परत जातो. जाता-येता गाडीच्या काचेतून त्याला मैलोन् मैल काळा, उघडा, सपाट खडक दिसतो. तिथे काहीच नाही असं समजून तो पुढच्या वळणावर समुद्र दिसायची वाट बघतो. तो खडक म्हणजे सडा. रत्नागिरी, लांजा, राजापूर, देवगड या सगळ्या पट्ट्यात वाड्या खाली, खाडीच्या नाहीतर पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) काठाला, माडा-पोफळीत वसलेल्या आणि त्यांच्या डोक्यावर हा जांभ्याचा (लॅटराइट खडकाचा) सडा. सातबाऱ्यावर त्यातला बराचसा भाग पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेला असतो. मला विचाराल तर कोकणातली सगळ्यात श्रीमंत जागा हीच.

एप्रिल-मे महिन्यात सडा खरोखरच वाळवंट असतो. सावली नाही, माती नाही, पाण्याचा थेंब नाही, खडक पाय भाजेल इतका तापलेला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यातला बराचसा वाहून जातो, थोडा जांभ्याच्या भोकाभोकांतून खाली मुरतो. मुरलेलं पाणी पायथ्याच्या वाडीत विहिरीला नि झऱ्याला लागतं. वर सड्यावर मात्र संक्रांत येईतो सगळं कोरडं झालेलं असतं. म्हणजे राजस्थानातल्या रोपांपुढे जो प्रश्न असतो, तोच इथल्या रोपांपुढे वर्षातले सहा-सात महिने असतो. त्यांनी काढलेले मार्गही तेच: कुणी बी होऊन चिरेत पडून राहतं, कुणी कंद होऊन बोटभर मातीत झोपतं, कुणी सुकून कुरकुरीत होतं आणि पहिल्या सरीला परत हिरवं होतं.

एकाच तिकिटात वनस्पती उद्यान आणि प्राणिसंग्रहालय दोन्ही मिळावं, तसा हा सडा आहे. फक्त इथे तिकीट नाही, पिंजरे नाहीत आणि नावाच्या पाट्याही नाहीत. पाट्या नसल्यामुळे पहिल्यांदा येणारा माणूस सगळ्याच्या अंगावरून चालत जातो आणि त्याला काहीच दिसत नाही. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी महिना ठरवा

फुलं बघायची असतील तर ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत या. गणपती आटोपले की सडा रंगायला लागतो आणि नवरात्रापर्यंत टिकतो. जुलैत फुलं असतात, पण पाऊस आणि वारा डोळे उघडू देत नाहीत. जूनची मजा वेगळी. पहिल्या आठ-दहा सरी झाल्या की कोकण दिपकाडीचे पांढरे तुरे मातीतून वर येतात. ही कंदवर्गीय वनस्पती कोकणपट्टीखेरीज जगात कुठेही नाही. तेवढ्यासाठी जूनमध्ये यायला हरकत नाही.

कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या खडकात कोरलेली जुनी चित्रं, नीट बघायची असतील तर मात्र पावसाळा सोयीचा नाही. खोदलेल्या रेषांत पाणी आणि शेवाळ भरलेलं असतं, वर गवत माजलेलं असतं. नोव्हेंबरनंतर ती स्वच्छ दिसतात. दोन्ही एका दिवसात हवं असेल तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा साधा. फुलं उताराला लागलेली असतात, पण असतात, आणि खडक बऱ्यापैकी उघडा झालेला असतो.

मार्च ते मे नवख्याने टाळावं. पक्ष्यांचं वेड असेल तर गोष्ट वेगळी. माळटिटवीची वीण त्याच दिवसांत असते.

आदल्या दिवशीची तयारी

बुटाला रबरी, खाचांचा तळवा हवा आणि बूट घोट्याच्या वर आलेला हवा. पावसाळ्यात काळ्या कातळावर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो आणि तो कोरडा दिसतो तिथेही घसरतो. चप्पल, सँडल घालून जाऊ नका. फुलपँट घाला. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट घ्या. माणशी दोन लिटर पाणी लागतंच. वर प्यायला काही मिळणार नाही. टोपी, गूळ-शेंगदाणे नाहीतर चिकी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक भिंग. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं साधं भिंगही चालेल. सड्यावरच्या अर्ध्या गोष्टी तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात. त्यासोबत प्लास्टिकचा जाड कागद किंवा छोटी चटई घ्या, म्हणजे ओल्या खडकावर मांडी घालता येईल.

मुक्काम रत्नागिरी शहरात ठेवा. कोकण रेल्वेने उतरा, दिवसाची रिक्षा ठरवा किंवा स्वतःची गाडी आणा. एसटी जवळपास सगळ्या गावांना जाते, पण परतीची गाडी किती वाजता आहे ते सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवा.

वर जायच्या आधी खाली विचारा

नवखी मंडळी ही पायरी गाळतात. सडा मोकळा दिसला तरी तो कुणाच्या तरी मालकीचा असतो, बहुतेक वेळा भावकीत सामाईक. त्यामुळे आधी वाडीत थांबा. पडवीत कुणी बसलेलं असतंच. "काका, सड्यावर फुलं बघायला आलोय, जाऊ ना वर?" एवढं पुरतं. "जावा की, पण खाणीच्या अंगानं नको, पानी भरलंय," असं उत्तर येतं आणि त्या एका वाक्यात तुमचा जीव वाचवणारी माहिती असते. बंद पडलेल्या चिरेखाणींना (बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढायच्या खाणींना) कठडा नसतो. पावसात त्या काठोकाठ भरतात, वर गवत वाढतं, आणि काठ कुठे संपतो ते कळत नाही.

विचारलंत की आणखीही मिळतं. गुरं चारायला नेणाऱ्या आजोबांना कुठल्या डबक्यात पाणी सगळ्यात शेवटी आटतं ते ठाऊक असतं. काकींना कुलूची भाजी कुठे उगवते ते ठाऊक असतं. आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर दुपारचं जेवणही होतं: उकडा भात, कुळथाची पिठी, सोलकढी. पैसे विचारून द्या, आणि चांगले द्या.

गाडी डांबरी रस्त्याच्या कडेलाच लावा. सड्यावर गाडी घालू नका, दुचाकीसुद्धा नाही. सपाट आहे म्हणून चाकं फिरवली की एका हंगामाची रोपं जातात, आणि खाली कातळशिल्प असेल तर तेही झिजतं.

सकाळी सात ते दहा: चालू नका, बसा

वर पोचलात की पहिल्यांदा समोर बघावंसं वाटेल. एक नजर समुद्राकडे टाका आणि मग मान खाली घाला.

सडा सपाट दिसतो, पण त्यात चार-पाच निरनिराळ्या वस्त्या असतात. उघडा कातळ, त्यावर काळा थर. जांभा आतून तांबडा असतो. वरचा काळेपणा उन्हापावसाचा आणि खडकावर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा आणि दगडफुलांचा. मग वीतभर खोल खळगे, त्यांत पाणी. मग बोटभर मातीचे सपाट तुकडे, पावसात चिकचिकीत. मग चिरा आणि भेगा, जिथे माती साठते आणि तेरडा, रानहळद, कळलावी उगवते. आणि कडेला, गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ), करवंदाच्या जाळ्या नि निवडुंग. प्रत्येक वस्तीत रहिवासी वेगळे. नवख्याने या सगळ्यांतली एकच जागा निवडावी: बोटभर मातीचा ओला तुकडा. तिथे चटई टाका आणि निदान अर्धा तास उठू नका.

पहिली पाच मिनिटं फक्त रंग दिसतील. जांभळट-निळा पट्टा दिसला तर ती सीतेची आसवं. पांढरे गोल मण्यासारखे गेंद, पिवळा कवला. मग हळूहळू डोळा बसतो. दवबिंदू नावाची वनस्पती शोधा. लालसर, जेमतेम बोटभर रोप, बारीक लांब पानं, आणि पानांवरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चकचकीत थेंब. उन्हं आली की दव उडून जातं, हे थेंब जात नाहीत, कारण ते पाणी नसतं, डिंक असतो. भिंग लावा. बहुतेक एखाद्या पानावर चिलट चिकटलेलं असेल. त्याचे पाय अजून हलत असतील तर बघत राहा; आजूबाजूचे केस त्याच्या बाजूला वाकायला लागतात आणि चिलटाला धरून ठेवतात. पुढे पान त्याला पचवतं.

सीतेची आसवंही मांसाहारीच, पण त्यांचा सापळा मातीखाली असतो. ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात, तोंडाला झडप आणि झडपेला बारीक केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की झडप आत उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. हे उपटून बघायचं नसतं. फुलाच्या खाली असं काही चाललंय हे माहीत असलं की बघणं बदलतं.

रोपांनी किडे का खावेत? जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, पण नत्र आणि स्फुरद फार थोडं. त्यात चार महिने पाऊस सगळं धुऊन नेतो. मातीत नाही ते या झाडांनी हवेतून आणि पाण्यातून मिळवलं.

आता शेजारच्या खळग्यात बघा. पाणी निवळशंख असलं तर मधूनच काही तरी पारदर्शक हलेल, पाय आभाळाकडे करून उताणं पोहणारं. हे कोळंबीचे गोड्या पाण्यातले लांबचे नातलग. डबकं आटलं की मोठे जीव मरतात, पण अंडी सुक्या चिखलात पडून राहतात आणि पुढच्या मृगात पाणी भरलं की त्यातून नवी पिढी निघते. बेडकांची पिल्लं आणि पाणकिडेही दिसतील. डबक्यात पाय घालू नका, हात धुवू नका. अंगाला लावलेलं डास पळवायचं मलम आणि साबण या जिवांना मारायला पुरतो.

प्राणी: दिसतील ते आणि दिसू नयेत ते

चंडोल दिसतील, बहुधा आधी ऐकू येतील. टिटवी तुमच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली तर तुम्ही तिच्या घरट्याच्या किंवा पिल्लांच्या जवळ आहात. आल्या वाटेने मागे फिरा. तिचं घरटं म्हणजे उघड्यावरचा नुसता खळगा, आणि अंडी इतकी खडकाच्या रंगाची की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. ऑक्टोबरपासून थंडीचे पाहुणे यायला लागतात. गवतावरून जमिनीलगत तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या. सशाच्या लेंड्या सगळीकडे. अंधार पडला की रातवा वाटेवर येऊन बसतो. बिबट्याही या भागात आहे, म्हणून तिन्हीसांजेनंतर एकट्याने सड्यावर थांबू नये.

एक प्राणी मी तुम्हाला दाखवणार नाही. जांभ्याच्या सुट्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते. शास्त्राला तिची ओळख १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून झाली, आणि कोकणपट्टीतले सडे एवढंच तिचं जग. तिला बघायचं तर दगड उलटवावे लागतात. दगड उलटला की खालची ओल जाते, अंडी उघडी पडतात, आणि कितीही काळजीने परत ठेवला तरी तो पहिल्यासारखा बसत नाही. अभ्यासकांना ते करू द्या. आपण ती पायाखालच्या दगडांत आहे एवढं जाणून जपून चालावं.

दगड न उलटवण्याचं दुसरं कारण म्हणजे फुरसं. हा साप हातभरही नसतो, खडकाच्याच रंगाचा असतो आणि रत्नागिरीत एके काळी इतका होता की एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकार तो मारून आणणाऱ्याला बक्षीस देत असे. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. तो आवाज आला तर जागीच थांबा, कुठून येतोय ते बघा, आणि मग मागे सरका. हात दगडाखाली, भेगेत, गडग्याच्या फटीत घालू नका. लघवीला जाताना, फोटोसाठी गुडघ्यावर बसताना आधी काठीने जागा ठोकून घ्या.

चावलंच तर माणसाला बसवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी, कडं, पैंजण, बूट काढून टाका. दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका, चोखू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी मिळेल तसे निघा, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का ते वाटेतच विचारून घ्या. नसेल तर सरळ रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि त्याची लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात, म्हणून "आता बरं वाटतंय" म्हटलं तरी ऐकू नका. लस वेळेत मिळाली की माणूस सहसा वाचतो. या एका गोष्टीसाठी कुणीही सड्याला घाबरून राहू नये. जपून वावरणाऱ्याच्या वाटेला फुरसं सहसा येत नाही.

दुपार

अकरा वाजता खाली उतरा. ऑक्टोबरचं ऊन कडक असतंच, शिवाय परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर भरून येतात. सपाट सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही असता. गडगडाट ऐकू आला की फुलं, फोटो सगळं सोडून उतरायचं. करवंदाच्या जाळीत किंवा एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

जेवून थोडं पडा. पडायचं नसेल आणि बरोबर मुलं असतील तर रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. तिथलं मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा मुलांना फार आवडतो. भाट्याचं नारळ संशोधन केंद्रही याच विद्यापीठाचं. माडाच्या जाती बघायला मिळतात. सुट्टीच्या दिवशी चालू आहे का, ते विचारून जा.

साडेतीननंतर: खडकातलं प्राणिसंग्रहालय

आता कातळशिल्पं. सड्याच्या खडकावर हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी प्राणी कोरले. अभ्यासकांचा अंदाज मध्याश्मयुगापर्यंत मागे जातो. हत्ती, वाघ, मासे, पक्षी आहेतच, पण एकशिंगी गेंडाही आहे, जो आज कोकणातच काय, महाराष्ट्रात कुठेही नाही. त्या काळच्या माणसांनी तो इथे का कोरला, हे ज्याने त्याने शिल्पाशेजारी उभं राहून विचार करण्यासारखं आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून ही चित्रं उजेडात आणली. २०२२ मध्ये यातली काही स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारसा तात्पुरत्या यादीत गेली.

पहिल्या भेटीला एकच ठिकाण धरा. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीला जा. रस्ता खाडीवरून आणि सुरूच्या बनाकडेने जातो. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. जवळ उभं राहिलात तर नुसत्या रेघा दिसतील. आधी कडेने एक फेरी मारा, सोंड कुठे, पाय कुठे ते लावा, मग आत काय आहे ते शोधा. कललेल्या उन्हात रेषेच्या एका काठाची सावली आत पडते आणि आकृती उठून येते. भर दुपारी तीच आकृती सपाट खडकात हरवते. साडेतीननंतर यायला सांगितलं ते यासाठीच.

रेल्वेने फिरणाऱ्याला उक्षी बरं. कोकण रेल्वेचं उक्षी स्थानक आहे आणि तिथल्या हत्तीभोवती जांभ्याचा कठडा बांधून गावाने शिल्प जपलंय. राजापूर तालुक्यातलं बारसू आणि देवाचे गोठणे पुढच्या खेपेला ठेवा. देवाचे गोठण्याला मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. खिशात होकायंत्र असू द्या.

शिल्पावर पाय देऊ नका, बूट काढूनही नाही. रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून खडू, पीठ, पाणी काही घालू नका. गवत, शेवाळ खरवडू नका. सिगारेट-विडी अजिबात नको. दिवाळीनंतर गवत वाळलं की एका ठिणगीने वणवा डोंगरभर जातो.

कशेळीला गेलात तर कनकादित्याच्या देवळात जाऊन या. आणि उजेड असेतो देवघळीचा कडाही बघून घ्या.

मालकाशी बोलताना

हे मुद्दाम सांगतो, कारण शहरातून आलेली चांगली माणसंही इथे चुकतात. सड्यावर चिरेखाण दिसेल, सुरुंग लावून खड्डे केलेले आणि त्यात माती भरून लावलेली कलमं दिसतील. सड्याचं नुकसान त्यातून होतं, हे खरं आहे आणि मला ते फार लागतं. पण तुम्ही ज्या खोलीत राहिलात तिच्या भिंती त्याच चिऱ्याच्या आहेत आणि पडवीतल्या काकांच्या मुलांचं शिक्षण त्याच हापूसवर झालंय. त्यांना उपदेश करू नका. तुम्ही सकाळी काय बघितलंत ते मोबाईलमधल्या फोटोंवर दाखवा, नावं विचारा. आपल्या जमिनीतली रोपं बघायला लोक लांबून येतात आणि वर जेवणाचे पैसे देऊन जातात, हे मालकाला दिसलं तर त्याला सडा ठेवायला एक कारण मिळतं.

नवीन काही सापडलं तर

अजूनही नवी कातळशिल्पं सापडतात. चालता चालता खडकात सरळ, मुद्दाम खोदल्यासारखी रेष दिसली तर ती साफ करत बसू नका. दूरून एक आणि जवळून दोन-तीन फोटो काढा, शेजारी पेन नाहीतर पाण्याची बाटली ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि मोबाईलवर जागेची खूण साठवा. समाजमाध्यमांवर जागा टाकू नका. आधी वाडीत दाखवा, बऱ्याचदा गावाला ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. मग ग्रामपंचायतीला आणि रत्नागिरीतल्या पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयाला कळवा. रोपाचं किंवा प्राण्याचं काही वेगळं दिसलं तरी तसंच करा: फोटो, तारीख, जागा, आणि रोप जिथे आहे तिथेच राहू द्या.